डाव्या हातातली कात्री

मास्तरांचा हात चालायला वेळ लागत नसे. शिंप्याच्या धंद्यात हात चालणं ही कौतुकाची गोष्ट, पण या दुकानात त्या शब्दांचा अर्थ वेगळा होता. चित्रकार पहिल्या दिवशी रंगांची पेटी खांद्याला अडकवून आत शिरला, तेव्हा मास्तर एका कारागिराला कापड मोजायच्या लाकडी गजाने झोडपत होते. कारागिराने कोटाची बाही उलटी जोडली होती. मार खाणारा ओरडत नव्हता, मारणारा रागावलेला दिसत नव्हता आणि बाकीच्या पाच जणांची शिवणयंत्रं सुरूच होती. मारून झाल्यावर मास्तरांनी गज टेबलावर ठेवला, स्वतःचे कफ सारखे केले आणि म्हणाले, "या. तुमचीच वाट बघत होतो."

चित्रकार हसला. हसायला नको होतं, हे त्याला जिना चढताना कळलं. पण तो होताच तसा. चाळिशीला टेकलेला, एकटा जीव, मनाने वाईट नव्हे, पण कुठे आवाज चढला की हा मागे सरकलाच म्हणून समजा. माणसांचे चेहरे न्याहाळायची त्याला जन्माची सवय. आणि चेहऱ्यामागचं काही नको ते दिसलं की नजर दुसरीकडे वळवायची, तीही.

मास्तरांना त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाचं तेलचित्र हवं होतं. पूर्ण उभं, अंगात नवा कोट, हातात कात्री, पुढ्यात कापड बेतायचं टेबल. हे चित्र खाली दुकानात, दारासमोरच्या भिंतीवर लागायचं होतं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला, आणि त्याहून जास्त आतल्या कारागिरांना, पुढचा मास्तर कोण ते कळायला हवं. फोटो काढून घ्या असं कोणीतरी सुचवलं, तर मास्तर म्हणाले, फोटो काय, कोणीही काढतं, आणि तो पिवळा पडतो. ते स्वतः दहाव्या वर्षी परक्याच्या दुकानात टाके घालायला बसले होते. मार खाऊन शिकले, आणि माराशिवाय माणूस घडत नाही ही त्यांची खात्री त्यांच्या पाठीवरच्या वळांइतकीच पक्की होती.

चित्रासाठी वरची पुढची खोली मिळाली. एका बाजूला अस्तराच्या कापडाचे गठ्ठे, कोपऱ्यात कोट चढवून बघायचा बिनमुंडक्याचा लाकडी पुतळा, आणि एक मोठी खिडकी. उजेड चांगला होता. मुलगा आला, सांगितलं तिथे उभा राहिला, उजव्या हातात कात्री धरली. ती शिंप्याची लोखंडी कात्री, हातभर लांब. दहा मिनिटांत त्याचं मनगट थरथरायला लागलं. चेहरा तर असा, की दात उपटून घ्यायला आलाय. कारागीर याला गमतीने 'छोटे मास्तर' म्हणत, पण गमतीसारखं त्याच्यात काही नव्हतं.

"घाबरतोस काय एवढा," चित्रकार म्हणाला. "तू नुसता उभा राहा. तुझं चित्र म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ आहे."

मुलाने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. "डाव्या हाताने काढणार?"

"नाही रे. तसं म्हणतात. म्हणजे सोपं. सहज होण्यासारखं."

"सोपं असलं की डावा हात म्हणतात?"

"म्हणतात खरं."

मुलाने विचारलं, "मग मारतात कशाला?"

तेव्हा चित्रकाराचं लक्ष त्याच्या डाव्या हाताकडे गेलं. बोटांच्या सांध्यांवर सूज होती, जुन्या जखमांवर नवी खपली. त्याला सगळं समजलं. समजल्यावर त्याने काय करावं, तर नजर वळवली, आणि मुलाला बरं वाटावं म्हणून म्हणाला, "कात्री तुझ्या हाताला बसेल तशी धर. इथे बघायला कोण आहे?"

मुलाने दाराकडे पाहिलं. खाली यंत्रांची घरघर चालू होती. त्याने कात्री डाव्या हातात घेतली आणि दुसराच मुलगा समोर उभा राहिला. खांदे खाली आले, मान मोकळी झाली, ओठ सुटले. अस्तराचा एक तुकडा पडला होता, तो त्याने उचलला आणि एका ओढीत सरळ कापून दाखवला.

"ही कात्री उजव्यांची आहे, काका," तो म्हणाला. "माझ्या हातात उलटी पडते. पण अंगठा असा बाहेर ढकलला की कापते. मी माझं मी शोधून काढलंय."

"हं," चित्रकार म्हणाला. तो कोळशाने भराभर आकार टिपत होता. मुलाने काय सांगितलं ते त्याच्या कानावर पडलं, डोक्यात शिरलं नाही. तेवढं शिरलं असतं तर पुढचं कदाचित टळलं असतं.

पुढे दहा-बारा दिवस चित्रकाराला तहानभूक नव्हती. आजवर त्याने शाळांचे विश्वस्त काढले, कोणाचे दिवंगत सासरे काढले, सगळे चेहरे खुर्चीसारखे बसलेले. हे पोर कात्री हातात घेऊन असं उभं होतं की आता कापड बेतणार आणि चुकणार नाही. आणि तो हात! पात्याचा भार पेलणारं मनगट, बाहेर ढकललेला अंगठा, कडीत अडकलेली बोटं. असा हात त्याच्या कुंचल्यातून कधी उतरला नव्हता आणि पुन्हा उतरणार नाही, हे तो जाणून होता. सांध्यांवरच्या जखमा त्याने वगळल्या. तिथे त्याने निरोगी, गुलाबी कातडी रंगवली.

नवव्या दिवशी मुलाची आई चहा घेऊन वर आली. रोज मोलकरीण यायची. बाईंनी चित्र पाहिलं आणि कप तसाच खाली ठेवला.

"हे पुसा," त्या म्हणाल्या.

"जपून वहिनी, ओलं आहे अजून. हात लागेल."

"हात लागेल म्हणूनच म्हणतेय. यांचा." त्यांनी मुलाला खाली पिटाळलं आणि दार लोटून घेतलं. "गेल्या वर्षी दोन महिने त्याचा डावा हात पाठीशी बांधून ठेवला होता. मापाच्या फितीने. जेवतानाही सोडत नव्हते. झोपेत काळानिळा पडायचा हात. मी सैल करायला गेले, तर मला..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. कानामागे त्यांना एक जुनी खूण होती. "माझ्यावर गेलाय तो, भाऊ. मीही डावरी. हे घरात नसले की मी अजून डाव्या हाताने भाजी चिरते. तुमच्या पाया पडते, कात्री उजव्या हातात द्या."

"बदलतो, वहिनी. काळजी करू नका."

"नक्की?"

"म्हटलं ना, बदलतो."

आणि तसं त्याच्या मनातही होतं. त्या गेल्यावर त्याने खरवडायची सुरी हातात घेतली, चित्रासमोर उभा राहिला, त्या हाताकडे बघितलं आणि सुरी खाली ठेवली. उद्या करू म्हणाला. दुसऱ्या दिवशी कोट रंगवायला घेतला. तिसऱ्या दिवशीही कोटच. मला या माणसाचा राग येतो तो इथे. मास्तरांची भीती त्याला होतीच, पण हात न बदलण्यामागे भीती नव्हती. त्या हाताचा त्याला मोह पडला होता. दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर बेतणारी गोष्ट स्वतःला आवडली म्हणून ठेवायची, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

चित्र पूर्ण झाल्याशिवाय बघायचं नाही असं मास्तरांनी ठरवलं होतं. पण तेराव्या दिवशी त्यांना अस्तराचा गठ्ठा हवा झाला आणि ते स्वतःच वर आले. जिन्यावर पाऊल वाजताच मुलाने कात्री उजव्या हातात घेतली. चित्रातल्या मुलाला ते जमण्यासारखं नव्हतं.

मास्तर चित्राकडे बघत राहिले. मग मुलाकडे. मुलाचे कान पांढरे पडले. मास्तरांची बोटं नकळत गज चाचपायला लागली, पण गज खाली टेबलावर होता.

"आरशातलं आहे ते, मास्तर," चित्रकार म्हणाला.

मागे भिंतीला खरंच एक आरसा टेकवलेला होता. चित्रातल्या चुका आरशात चटकन दिसतात, म्हणून चित्रकार लोक तो जवळ बाळगतात. त्याचा हा नवा उपयोग त्याला त्या क्षणी सुचला. "मोठ्या घरांतली चित्रं सगळी आरशात बघूनच काढतात. माणूस स्वतःला ओळखतो तो आरशातच ना? त्यामुळे डावं-उजवं उलटं येतं. जाणकारांना माहीत असतं."

मास्तरांना लिहिता-वाचता जेमतेम यायचं, आणि आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी जीभ कापून घेतली असती. "माहीत आहे मला," ते म्हणाले. मग पुढे वाकले. "पण मग बटणं सरळ कशी? हात उलटा, आणि कोट सरळ?"

"कोट कच्चा आहे अजून. उलटायचाय."

"उलटा मग," मास्तर म्हणाले आणि अस्तराचा गठ्ठा घेऊन गेले.

चित्रकाराचा जीव भांड्यात पडला. मुलगा हसला, त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा चित्रकाराने ते हसू पाहिलं. मग दोघांनी मिळून काय काय उलटायला हवं ते शोधायचा खेळच मांडला. बटणं या बाजूची त्या बाजूला गेली, खिसा गेला, भांग गेला, गालावरचा तीळ पलीकडच्या गालावर गेला, खिडकीचा उजेडसुद्धा बाजू बदलून आला. चित्रकार स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश होता. संध्याकाळी बाई वर आल्या, त्यांना त्याने सगळं रंगवून सांगितलं.

त्या हसल्या नाहीत. "खोटं वाढवत कशाला बसलात? अजून वेळ आहे. हात बदला."

"आता बदलला तर त्यांना संशय येईल, वहिनी."

हे खरं होतं, आणि त्याच्या सोयीचंही होतं.

रविवारी सकाळी दुकानात चित्र लावलं. गिऱ्हाइकांतली मोठी माणसं बोलावली होती, कापडाचे दोन व्यापारी होते, डॉक्टर होते. कारागीर धुतलेले सदरे घालून भिंतीशी उभे होते. मास्तरांनी स्वतः चादर ओढली. सगळे एकदमच बोलायला लागले. असं चित्र त्यांनी कोणीच पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी चष्मा वर करून विचारलं, "पण कात्री डाव्या हातात कशी?"

मास्तर याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी आरशाची गोष्ट सांगितली. मोठ्या घरांची सांगितली. बटणं दाखवली, तीळ दाखवला, मुलाला पुढे ओढून दोन्ही गाल ताडून दाखवले. "जाणकारांना माहीत असतं," असंही म्हणाले. डॉक्टर मान डोलावत होते आणि मास्तर फुलत होते.

दुकानात कापड बेतायचं काम एका म्हाताऱ्याकडे होतं. मास्तर पोरसवदा होते तेव्हापासून तो कात्री चालवत होता. मुलगा त्याला आजोबा म्हणायचा. नजर मंदावली होती, म्हणून म्हातारा चित्राच्या पार नाकाला नाक लावून उभा राहिला आणि डोळे पुसत मागे वळला.

"मास्तर, कात्री मात्र काय काढलीय," तो म्हणाला. "सगळं आरशात उलटलं, पण कात्रीला धक्का नाही. वरचं पातं धरणाऱ्याच्या उजवीकडे. आपलीच कात्री."

तो कौतुकच करत होता, बिचारा. पण कात्रीलाही डावं-उजवं असतं, हे त्या खोलीत शिंपी सोडून कोणाला माहीत नव्हतं. उजव्या हाताच्या कात्रीचं वरचं पातं उजवीकडे असतं. आरशात बघून काढली असती तर ते डावीकडे गेलं असतं. चित्रकाराने बटणं उलटली, तीळ उलटला, उजेड उलटला, आणि जिच्यावर हे दुकान चालत होतं ती कात्री जशीच्या तशी ठेवली होती. चित्रातला मुलगा आरशातला नव्हता. तो खरोखर डाव्या हातात कात्री धरून उभा होता.

भिंतीशी उभ्या सहाही कारागिरांनी माना खाली घातल्या. पाहुण्यांना काही कळलं नाही. मास्तरांनी सगळ्यांना चहा पाजला, एकेकाला दारापर्यंत सोडलं, डॉक्टरांना पुढच्या आठवड्यात माप घ्यायला येतो म्हणून सांगितलं. मग आत आले आणि दाराला कडी घातली.

पहिला फटका म्हाताऱ्याला बसला, मानेवर. तो टेबलाची कड धरून खाली बसला. त्याला का मारलं हे मास्तरांनाही सांगता आलं नसतं. बहुधा त्याने ते पाहिलं म्हणून.

"मास्तर, चूक माझी आहे," चित्रकार म्हणाला. एवढं बोलायलाही त्याला सगळं बळ एकवटावं लागलं. "मीच त्याला सांगितलं की..."

गज त्याच्या भुवईवर बसला आणि डोळ्यात रक्त उतरलं. दुसरा कानावर. तिसरा त्याने आडव्या धरलेल्या डाव्या कोपरावर, आणि कोपरात काहीतरी कटकन वाजलं.

"डॉक्टरांना मी समजावून सांगत होतो," मास्तर म्हणाले. आवाज अजून चढलेला नव्हता. "आरसा. मोठी घरं. आणि हे सहा जण ऐकत होते." मग मुलाकडे न बघता म्हणाले, "इकडे ये."

मुलगा जिन्याकडे पळाला. वरून आई धावत उतरत होती. तिने त्याला पाठीमागे घेतलं. "मी शिकवलं त्याला," ती म्हणाली. "डाव्या हाताने धरायला मीच शिकवलं. मला मारा." हे खोटं होतं, पण त्या घरात त्या दिवशी बोललेलं तेवढंच एक खोटं दुसऱ्यासाठी होतं. मास्तरांनी तिला केसांना धरून पायऱ्यांवरून खाली ओढलं. शिवणयंत्राच्या चाकावर तिचं कपाळ आपटलं. ती उठली नाही, सरपटत पुढे आली आणि तिने नवऱ्याचा पाय धरला. मास्तर तिला ओढत तसेच चालत राहिले. तिची पकड सुटेना, तेव्हा दुसऱ्या पायाची टाच त्यांनी तिच्या बोटांवर दिली.

मुलगा चित्रकाराकडे धावला. दोन आठवडे या माणसासमोर तो मोकळा उभा राहिला होता. जायला दुसरी जागा त्याला माहीत नव्हती. चित्रकाराने त्याला पोटाशी घेतलं. दार आठ पावलांवर होतं. पोराला उचलायचं, कडी काढायची, रस्त्यावर धावत सुटायचं. एवढं त्याला स्वच्छ दिसलं.

"खांदे धरून ठेवा त्याचे," मास्तर म्हणाले.

आणि त्याने धरले.

याची कारणं त्याने पुढे आयुष्यभर गोळा केली. धरल्यासारखं करून ओढून घेणार होतो. डोळ्यात रक्त होतं. हात आपोआप गेले. त्यातलं एकही कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि त्याने कोणाला सांगितलंही नाही. मुलगा जिवाच्या आकांताने धडपडत होता, पण खांद्यावरचे हात कोणाचे ते कळल्यावर थांबला. त्याला वाटलं, काका काहीतरी करतायत.

मास्तरांनी त्याचा डावा हात टेबलावर पालथा ठेवला, मनगट दाबून धरलं आणि कोळशाची इस्त्री उचलली. कारागीर ती दोन हातांनी उचलत, मास्तरांना एक पुरे. रविवार असल्यामुळे आत निखारे नव्हते. नशीब, असं नंतर लोक म्हणाले. मास्तरांनी तिची कड बोटांवर आणली. पहिल्या घावाला मुलाने नुसता श्वास आत ओढला. दुसऱ्याला तो किंचाळला, आणि ती किंचाळी चित्रकाराला त्याच्या खांद्यांतून स्वतःच्या तळहातांत जाणवली. तिसऱ्या घावाला इस्त्रीचं झाकण उघडलं आणि जुनी राख हातावर, टेबलावर, नव्या कोटावर सांडली.

"आता सवय मोडेल," मास्तर म्हणाले. त्यांना धाप लागली होती. त्यांनी इस्त्री जाग्यावर ठेवली आणि हात धुवायला आत गेले. एक कारागीर भिंतीकडे तोंड करून रडत होता. बाकीचे नुसते उभे होते.

डॉक्टर तासाभरात परत आले. इस्त्री फळीवरून पडली असं त्यांना सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. तीन बोटं मोडली होती. दोन जुळतील, मधलं वाकडंच राहील, कात्रीच्या कडीत ते जाणार नाही, असं ते म्हणाले. पट्टी बांधता बांधता त्यांची नजर भिंतीवर गेली. हात फार सुंदर काढलाय, असंही म्हणाले.

दहा दिवसांनी मास्तरांचा निरोप आला, चित्र दुरुस्त करून द्या. चित्रकाराच्या भुवईवर अजून टाके होते. तो गाव सोडून जाऊ शकला असता. मी गेलो नाही तर राग पोरावर निघेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि पेटी घेऊन गेला. पहिले दोन दिवस बटणं, खिसा, भांग, तीळ, उजेड पुन्हा मूळ बाजूला नेण्यात गेले. त्यासाठी मुलाची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला उभं केलं.

मुलाने उजव्या हातात कात्री धरली. पट्टीतला डावा हात पाठीमागे नेला, कोणी न सांगता. तो चित्रकाराकडे बघत नव्हता. आता त्याचं मनगट थरथरत नव्हतं, मान हलत नव्हती, दमलो म्हणत नव्हता. चित्रकाराने दोनदा म्हटलं, "बस थोडा वेळ." तो बसला नाही. मग चित्रकाराने सुरी घेतली आणि तो हात खरवडला. आधी अंगठा, मग मनगट. रंग लांब सालींसारखा निघाला आणि जमिनीवर पडला. त्या जागी त्याने कोटाचा रंग भरला, आणि पलीकडे उजव्या हातात कात्री काढली. हात बरा आला. चुकीचं त्यात काही नव्हतं.

तो कुंचले पुसत होता तेव्हा मुलाची आई दारात येऊन उभी राहिली. कपाळावरची जखम भरत आली होती. तिने चित्राकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं, वहिनी."

"सकाळी किती वाजता सुरू केलंत?"

"आठला."

खाली दुकानातल्या घड्याळाचे बारा ठोके पडले. ते संपेपर्यंत ती थांबली.

"चार तासांचं काम होतं, भाऊ," ती म्हणाली.